मेस्त्रींचा हवेचा हौद

कोआतेपेक गावाहून शिको गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कॉफीच्या मळ्यांची पहिली रांग सुरू होते त्या वळणाला, फिदेन्सियो लांदा यांचं पंक्चरचं दुकान आहे. दुकानाला नाव नाही. ट्रकचा एक जुना टायर पांढरा रंगवून बाहेर उभा केलाय, तीच पाटी. गावात त्यांना फिदेन्सियो म्हणणारं माणूस आता उरलेलं नाही. सगळे मेस्त्री म्हणतात.

मेस्त्रींचा कान भारी तिखट. ट्यूब हातात आली की ते ती गालाजवळ धरतात, डोळे मिटतात आणि हळूहळू फिरवतात. "इथं आहे," म्हणतात आणि बोट ठेवतात. मग गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवायची. बुडबुडा नेमका बोटाखालून निघतो. चाळीस वर्षं हेच काम. बायको आंपारो सहा वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून दुकानामागच्या खोलीत एकटे राहतात. वरच्या मजल्यावर त्यांची एकुलती एक मुलगी नेरेइदा आणि जावई उलिसेस. नेरेइदा प्राथमिक शाळेत शिक्षिका, उलिसेस शालापा शहराच्या बसवर ड्रायव्हर.

नेरेइदाला सहावा महिना लागला, तेव्हा एका रविवारी तिनं जेवताना विषय काढला.

"अप्पा, बाळंतपण मी घरीच करणार आहे. पाण्यात."

मेस्त्रींनी काळ्या घेवड्याची वाटी खाली ठेवली. "पाण्यात म्हणजे? नदीत?"

"नदीत कशाला? टबात. हवा भरायचा टब मिळतो. कोमट पाणी भरायचं, कळा वाढल्या की आत बसायचं. अंग हलकं होतं म्हणतात."

"म्हणतात! कोण म्हणतं?"

"क्रिसांताबाई."

मेस्त्रींनी जावयाकडे पाहिलं. उलिसेसनं दोन्ही हात वर केले. "माझ्याकडे बघू नका, सासरेबुवा. मी काहीच बोललो नाही."

"तू बोलतोस कधी? बसचा भोंगा तेवढा वाजवतोस." मग मुलीकडे वळून म्हणाले, "पोरी, तू काय मासोळी आहेस? दवाखाने कशाला बांधलेत?"

नेरेइदा चिडली नाही. भाकरीचा तुकडा मोडत शांतपणे म्हणाली, "माझ्या वेळी आई दवाखान्यात होती. तुम्ही कुठं होतात, अप्पा?"



तेहतीस वर्षांपूर्वी ते दवाखान्याच्या फाटकाबाहेर होते. काखेत निळं ब्लँकेट, वरून बारीक भुरभुर पाऊस. आत फक्त बाळंतीण जाणार, नवरा नाही, असा तेव्हा नियम होता. दुसऱ्या दिवशी दुपारी पहारेकऱ्यानं यादी वाचली, त्यात "लांदा, मुलगी" एवढंच ऐकू आलं. आंपारो घरी आली ती गप्पगप्पच. पुढे कधीतरी भांडी घासताना एकदाच म्हणाली होती, "मी ओरडले तर मला म्हणाल्या, गप्प बस, तू काय एकटीच आहेस?" मेस्त्रींनी त्यावर काही विचारलं नाही. काय विचारायचं हे त्यांना तेव्हाही कळलं नव्हतं, आणि नंतर विचारायला आंपारो राहिली नाही.

त्या आठवड्यात क्रिसांताबाई स्वतःच दुकानात आल्या. वीस वर्षं दवाखान्याच्या प्रसूती विभागात नर्स म्हणून काम करून मग सुईणपणाचं शिक्षण घेतलेली ही बाई, साठीला टेकलेली, आवाज जाडाभरडा. तिच्या जुनाट गाडीच्या चारही चाकांची नाडी मेस्त्रींना पाठ होती. चाक खोलता खोलताच त्यांनी तोंड उघडलं.

"बाई, माझ्या पोरीच्या डोक्यात काय भरवलंत?"

"मी काही भरवलं नाही. तिनं विचारलं, मी सांगितलं. पोरगी ठणठणीत आहे, बाळही व्यवस्थित आहे. यातलं काही एक बदललं ना, तर मीच तिला गाडीत घालून दवाखान्यात नेईन. तुम्ही आडवे पडलात तरी."

"आणि बाळ पाण्यात गुदमरलं तर?"

"नऊ महिने कुठं असतं ते? तोंडाला हवा लागली की मग श्वास घेतं. आणि मी काय त्याला पोहायला सोडते? बाहेर आलं की लगेच वर, आईच्या छातीवर."

मेस्त्री पान्ह्यानं नट सोडवत राहिले. बाईंनी उलटी बादली ओढली आणि तिच्यावर बैठक मारली.

"मेस्त्री, तुम्हाला काय काय येतं?"

"मला? मला हवा भरता येते."

"मग टब तुम्हीच बघा. मला बाळाचं कळतं, हवेचं कळत नाही. गेल्या वर्षी एका घरात टबाची कड अशी मऊ होती की बाई रेलली आणि निम्मं पाणी फरशीवर." बाईंनी हातानं मापं दाखवायला सुरुवात केली. "बसल्यावर पोट पूर्ण बुडायला हवं, पाणी छातीशी यायला हवं. कड अशी घट्ट हवी की दोन्ही हात टाकून तिच्यावर लोंबकळता येईल. तळालाही हवा हवी, नाहीतर गुडघे सोलतात. आतून धरायला मुठी हव्यात. आणि आत अंथरायचा प्लास्टिकचा कोरा पडदा, दरवेळी नवा. एवढं बघा."

मेस्त्रींनी चाक बसवून दिलं. बाई गेल्यावर त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं जुनं पान फाडलं आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलनं एक गोल काढला.

पुढचा महिना त्यांचा त्या गोलातच गेला.

पहिली खरेदी त्यांनी बाजारातून केली. लहान पोरांना डुंबायचा हौद, त्यावर पिवळे मासे आणि एक हसरा खेकडा. मेस्त्रींनी तो दुकानाच्या अंगणात फुगवला, त्याच्या कडेवर कोपर टेकलं, आणि कड गपकन खाली बसली. शेजारच्या चोलेकाकू कुंपणावरून बघत होत्या. "मेस्त्री, नातवंडाच्या आधी तुम्हीच खेळणार वाटतं?" मेस्त्रींनी हसऱ्या खेकड्याची हवा सोडली आणि हौद चोलेकाकूंच्या घरी पाठवून दिला. त्यांच्याकडे पाच नातवंडं होती.

मग नेरेइदानं मोबाइलवर खरे टब दाखवायला सुरुवात केली. संध्याकाळी वरच्या खोलीत बापलेक शेजारी शेजारी बसत. ती बोटानं चित्रं सरकवी आणि मेस्त्री चष्मा कपाळावर चढवून डोळे बारीक करत.

"हा छान आहे, अप्पा. निळा."

"रंग राहू दे. हवेचे कप्पे किती?"

"एकच लिहिलंय."

"मग नको. एक गेला की सगळं गेलं. पुढचा दाखव."

अखेर एक सापडला. कडेचे एकावर एक दोन कप्पे, तळाचा तिसरा, प्रत्येकाचा व्हॉल्व्ह वेगळा. आत सहा मुठी. एक कप्पा बसला तरी बाकीचे दोन उभे राहणार. मेस्त्रींच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच समाधान दिसलं. "हा ज्यानं बनवला, त्याला हवेवर भरवसा कधी ठेवू नये हे ठाऊक आहे," ते म्हणाले.

"पाणी किती मावतं याच्यात?" त्यांनीच पुढे विचारलं.

"साडेपाचशे लिटर."

मेस्त्रींनी मान वर करून छताकडे पाहिलं, मग पायाखालच्या फळ्यांकडे. वरचा मजला लाकडी होता, आंपारोच्या वडिलांनी बांधलेला. साडेपाचशे लिटर म्हणजे साडेपाचशे किलो, त्यात पोरगी, त्यात कडेला टेकलेली माणसं. आयुष्यभर ट्रकचं वजन पेललेल्या माणसाला हा हिशेब करायला कागद लागला नाही.

"इथं नाही जमायचं," ते म्हणाले. "फळ्या कण्हतील. खाली माझ्या खोलीत."

"तुमच्या खोलीत? रबराच्या वासात?"

"वास घालवता येतो. मजला कोसळला तर काय करशील?"

त्यांनी खोली रिकामी केली. पलंग, ट्रंक, आंपारोची शिवणयंत्राची पेटी, सगळं दुकानात आणून ठेवलं. भिंतींना दोनदा चुना दिला. दुकान आणि खोली यांच्यामधल्या दाराला कापडाच्या पट्ट्या ठोकून फट बुजवली. फरशी साबणानं इतकी घासली की चोलेकाकू म्हणाल्या, "आता इथं जेवण वाढलं तरी चालेल."

टब आला तो आठव्या महिन्याच्या सुरुवातीला. खोक्यात एक पायानं मारायचा पंप होता, पोपटी रंगाचा. मेस्त्रींनी तो दोन बोटांत धरून उचलला, जणू कुणी त्यांच्या दुकानात खेळणं विसरून गेलं होतं.

"याच्यानं मी हवा भरू? माझा कॉम्प्रेसर काय शोभेला आहे?"

"कागदात लिहिलंय, फक्त पंपानंच भरा," नेरेइदा म्हणाली.

"कागद लिहिणाऱ्यानं किती टायर भरलेत विचार."

त्यांनी कॉम्प्रेसरची नळी आणली, व्हॉल्व्हला जोडणी बसवली आणि खटका दाबला. तळाचा कप्पा पावासारखा फुलला. खालची कड उभी राहिली. वरची कडही उभी राहिली, टणक झाली. मेस्त्रींनी बोटानं टिचकी मारली, आवाज ऐकला आणि म्हणाले, "अजून थोडी." ट्रकच्या चाकाला अजून थोडी लागतेच. तेवढ्यात शिवणीपाशी असा आवाज झाला की चोलेकाकूंची कोंबडी कुंपणावरून उडाली. वरच्या कप्प्याला हातभर चीर.

उलिसेसनं तोंड उघडलं, पण नेरेइदानं त्याच्या दंडाला चिमटा काढला. मेस्त्री नळी गुंडाळत राहिले. अति तिथे माती ही म्हण त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवली होती.

दोन दिवस ते त्या चिरेशी झटले. त्यांचं नेहमीचं सोल्युशन त्या प्लास्टिकवर धरेना. शालापाहून वेगळा गोंद आणला. ठिगळ इतकं सुबक बसलं की नजरेला दिसेना. पंपानं हवा भरली, कान लावला. एवढासाही आवाज नाही. चार दिवस टब तसाच फुगवून ठेवला, आणि हवा तसूभर उतरली नाही. मग त्यांनी क्रिसांताबाईंना बोलावलं.

बाईंनी ठिगळावरून हात फिरवला. "छान झालंय. आता तुम्हीच सांगा मेस्त्री, हे चालेल?"

मेस्त्रींनी टबाभोवती एक फेरी मारली. नाही म्हणायला त्यांना जड जात होतं. कारण ठिगळ खरंच उत्तम होतं, त्यांच्या हातून झालेल्या सर्वोत्तम ठिगळांपैकी एक.

"ठिगळाची ट्यूब मी मागच्या चाकाला घालतो," ते शेवटी म्हणाले. "पुढच्या चाकाला कधीच नाही. तिथं गाडी वळते."

"झालं तर मग."

"पण माझ्यामुळं..."

"तुमच्यामुळं काय? आता फाटला, चांगला महिनाभर आधी. याला नशीब म्हणतात. शालापात एक बेकरीवाली आहे, होर्तेन्सिया नावाची. मागच्या पावसाळ्यात तिचं बाळंतपण मीच केलं. असलाच टब आहे तिच्याकडे. आतला पडदा तेवढा नवा घ्यायचा. जाऊन घेऊन या. आणि तो कॉम्प्रेसर..." बाईंनी दाराकडे बोट केलं, "त्याला साखळी घाला."

मेस्त्री उलिसेसच्याच बसनं शालापाला गेले. होर्तेन्सिया पिठाच्या हातांनीच बाहेर आली. टब धुऊन, वाळवून, चादरीत बांधून ठेवला होता तिनं. मेस्त्रींनी तिथंच, बेकरीच्या मागच्या अंगणात, तिन्ही व्हॉल्व्ह तपासले, शिवणींवरून अंगठा फिरवला. मग जरा अडखळत विचारलं, "बाई, राग मानू नका. पण खरंच बरं वाटतं का पाण्यात?"

होर्तेन्सियानं पिठाचे हात झटकले. "दुखतं हो, मेस्त्री. दुखणं काही जात नाही. पण बाहेर ते माझ्यावर बसलं होतं. पाण्यात गेल्यावर आम्ही शेजारी शेजारी बसलो."

परतीच्या बसमध्ये मेस्त्री खिडकीशी बसले, मांडीवर गाठोडं. वाटेत उलिसेसनं आरशातून दोनदा त्यांच्याकडे पाहिलं. ते काहीतरी पुटपुटत होते.

आता पाळी पाण्याची. अंगणात लाकडावर चालणारा जुना बंब होता, कॉफीच्या वाळक्या फांद्यांवर पेटणारा. छतावरची टाकी अकराशे लिटरची. मेस्त्रींनी नवी कोरी नळी आणली, कारण जुन्या नळीला वास येत होता. पायानं पंप मारून टब फुगवला, कपाळावर घाम आला तरी थांबले नाहीत, आणि एका शनिवारी रंगीत तालीम केली. पाणी भरायला पावणेदोन तास लागले. पहिलं निम्मं कढत आलं, नंतरचं गार, कारण बंब मध्येच आटोपला. तेव्हा ठरलं की दोन मोठी पातेली शेगडीवर ठेवायची, टबावर चादर आणि चादरीवर ब्लँकेट झाकायचं, आणि वरची वीतभर जागा रिकामी सोडायची, म्हणजे गरम-गार घालता येतं.

पण कडेचा भरवसा? त्यासाठी कुणीतरी आत बसायला हवं होतं. नेरेइदा नको म्हणाली. तिला पहिल्यांदा त्या दिवशीच उतरायचं होतं. शेवटी मेस्त्री स्वतः, विजार-शर्टासकट, आत उतरले. मांडी घातली. पाणी छातीशी आलं. दोन्ही हात कडेवर टाकून ते रेलले. कड हलली नाही. उलिसेस कडेवर बसला, तरी हलली नाही. मेस्त्रींनी डोळे मिटले.

"सासरेबुवा, कळा येताहेत का?"

"गप्प बस. आवाज ऐकतोय."

त्याच वेळी चोलेकाकू मीठ मागायला दारात आल्या. त्यांनी पाण्यात बसलेले मेस्त्री पाहिले, कडेवर बसलेला जावई पाहिला, आणि मीठ न घेताच परत गेल्या. संध्याकाळपर्यंत अख्ख्या वळणाला ही बातमी कळली होती.

मार्चच्या एका गुरुवारी, उजाडता उजाडता, नेरेइदा जिन्यातून हळूहळू खाली आली. "अप्पा, बंब पेटवा," म्हणाली. "पण घाई नको."

मेस्त्रींनी दुकानाचं फाटक लावलं आणि पांढरा टायर आत घेतला. क्रिसांताबाई आल्या. त्यांनी नेरेइदाला तपासलं, बाळाचे ठोके ऐकले आणि तिला अंगणात फेऱ्या मारायला सांगितलं. उलिसेसनं शेजाऱ्यांकडून मागून आणलेली गाडी रस्त्याकडे तोंड करून लावून ठेवली होती; लागली तर दवाखान्यात जायला. चोलेकाकूंनी केळीच्या पानात वाफवलेले मक्याच्या पिठाचे तमाल आणि मक्याची पेज पाठवली. नेरेइदानं दोन घोट पेज घेतली. मध्येच ती फणसाच्या झाडाला धरून वाकायची, लांब श्वास सोडायची, मग पुन्हा चालायला लागायची.

दहाच्या सुमारास बाई म्हणाल्या, "आता भरा."

मेस्त्रींनी बंबात फांद्या कोंबल्या. हात जरा सैलच सुटला. टब भरल्यावर बाईंनी पाण्यात थर्मामीटर सोडला आणि मान हलवली. "एकोणचाळीस. सूप करायचंय का बाळाचं? छत्तीस-सदतीसच्या वर नको."

"अहो, पण तिला..." मेस्त्रींनी दाराशी वाकलेल्या मुलीकडे पाहिलं.

"ती थांबेल. बाळही थांबेल. तुम्ही बादली घ्या."

बादलीनं उपसायचं, नळीनं गार सोडायचं, हातानं ढवळायचं. पाणी सदतीसवर आलं, तेव्हा मेस्त्रींच्या कोपरांपर्यंतचे केस भिजून चिकटले होते. नेरेइदा उलिसेसचा हात धरून कड ओलांडून आत उतरली. गुडघ्यावर बसली, हात पुढे टाकले, आणि तिच्या खांद्यांतून काहीतरी सुटून खाली गेलं, हे मेस्त्रींना दारातूनही दिसलं. ते मागे फिरले. बापानं इथं थांबायचं कारण नव्हतं.

"अप्पा."

"काय गं?"

"इथंच थांबा. पाणी बघायला कुणीतरी हवंच ना."

मग मेस्त्रींनी स्टूल आणलं आणि तिच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसले. मागे हात सोडून दर थोड्या वेळानं थर्मामीटर काढायचे, डोळ्यांजवळ धरायचे, म्हणायचे, "साडेछत्तीस." मग उलिसेस पातेल्यातलं गरम पाणी कडेनं हळूच ओतायचा. भिंतीवर चुन्याचा ब्रश फिरलेल्या रेघा होत्या. मेस्त्रींनी त्या रेघा मोजल्या, पुन्हा मोजल्या. आणि ते ऐकत होते.

चाळीस वर्षं त्यांनी हवा निसटण्याचा आवाज ऐकला होता. आता मुलीचा श्वास कुठं अडतो, कुठं सुटतो, हे त्यांना भिंतीकडे बघूनही कळत होतं. कळ यायची आधी ती गप्प व्हायची. मग घशातून खोल आवाज निघायचा, गाईच्या हंबरण्यासारखा. मग पाणी कडेला चुळुक करायचं, म्हणजे कळ ओसरली. दुपारी एकच्या सुमारास तो आवाज मोठा झाला. नेरेइदा ओरडली, चांगली मोठ्यांदा ओरडली, आणि बाई म्हणाल्या, "ओरड बाळा, घर तुझंच आहे." मेस्त्रींनी गुडघ्यांवरची विजार मुठीत धरली. डोळ्यांतून पाणी गळून हनुवटीपर्यंत आलं. ते त्यांनी पुसलं नाही, कारण हातात थर्मामीटर होता.

मग एकदम शांतता. पाण्याचा एकच मोठा आवाज, आणि बाईंचा स्वर, "घे, तूच घे, वर घे." आणि मग शिंक यावी तसा एक बारीक आवाज, आणि त्यामागून रडणं.

"अप्पा, वळा आता."

मेस्त्री वळले. बाईंनी चादर टाकली होती. नेरेइदाच्या छातीवर पांढुरक्या लोण्यानं माखलेलं, सुरकुतलेलं, रागावलेलं एक पिल्लू होतं. मुलगी. नाळ अजून पाण्यात गेलेली. उलिसेस गुडघ्यावर बसून हसत होता आणि रडत होता. मेस्त्रींना काहीतरी बोलायचं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "छत्तीस आहे. थोडं गरम घालू?"

नेरेइदा हसली. "घाला."

वार पडायच्या आधी बाईंनी तिला बाहेर काढून भिंतीशी अंथरलेल्या गादीवर नेलं. सगळं नीट पार पडलं. तिसऱ्या दिवशी नावाचा विषय निघाला. चोलेकाकूंनी आंपारो सुचवलं, पण नेरेइदा म्हणाली, "आईला ते नाव मुळीच आवडत नव्हतं. पोरीवर कशाला लादू?" नाव एल्विरा ठेवलं.

त्यानंतर क्रिसांताबाईंना एक सवय लागली. कुणी टबाबद्दल विचारलं, की त्या म्हणायच्या, "मेस्त्रींना भेटा." होर्तेन्सियानं टब परत मागितलाच नाही, फक्त दर बाळंतपणाला पावांची एक पिशवी पाठवायची. मेस्त्री आधी घरी जाऊन फरशीवर टाचा आपटून बघायचे, टाकी मोजायचे, बंब बघायचे. लाकडी मजला असला तर सरळ नाही म्हणायचे. एका वकिलाच्या घरी त्यांनी संगमरवरी न्हाणीघर नाकारलं, कारण ओल्या पायानं बाळंतीण घसरली असती, आणि टब स्वयंपाकघरात लावला. पंप नेहमी पायाचाच. तीन वर्षांत चौदा घरं झाली.

सगळीकडे टब वापरला गेला असं नाही. छान हवा असलेल्या एका ऑक्टोबरच्या दुपारी, गावाबाहेरच्या मळ्यात, बेगोन्या नावाच्या मुलीसाठी त्यांनी हौद भरला. पाणी अचूक सदतीस. पण ती आत उतरायच्या आधीच बाईंनी ठोके ऐकले, पुन्हा ऐकले, आणि शांत आवाजात म्हणाल्या, "आपण दवाखान्यात जातोय. आत्ता." पाच मिनिटांत गाडी गेली. मागे राहिले मेस्त्री, वाफाळणारा टब, आणि बेगोन्याची सासू तोमासा, सत्तरीची, दारात शालीचा पदर तोंडाला लावून उभी. सूनबाईसोबत जायला गाडीत तिला जागा नव्हती.

"एवढं पाणी," ती म्हणाली. "एवढी लाकडं जाळली. सगळं वाया."

"वाया कसं? बाईंनी वेळेवर ऐकलं. त्यासाठीच त्या येतात."

म्हातारी खुर्चीवर टेकली. तिचे पाय सुजलेले, दिवसभर उभं राहून. मेस्त्रींनी ते पाहिलं. पाणी उपसायची मोटर लावायला पुढे केलेला हात मागे घेतला.

"मावशी, पाणी स्वच्छ आहे. कुणी उतरलेलं नाही. पाय सोडा आत."

"इश्श! बाळंतिणीच्या पाण्यात?"

"बाळंतीण गेली की दवाखान्यात. सोडा."

तोमासानं चपला काढल्या, खुर्ची कडेशी ओढली आणि घोट्यापर्यंत, मग पोटऱ्यांपर्यंत पाय सोडले. तिचा चेहरा सैल झाला. थोड्या वेळानं मेस्त्रींनीही विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि समोरच्या बाजूनं पाय सोडले. दोघं तसे बसून राहिले, फोन मध्ये टेबलावर. म्हातारीनं आपल्या आठ बाळंतपणांची हकीकत सांगितली, त्यातली दोन मळ्यातली. मेस्त्री ऐकत होते.

ऊन कलायला लागलं तेव्हा फोन वाजला. मुलगा झाला होता. पोटावर टाके पडले होते, पण दोघंही सुखरूप. तोमासानं फोन छातीशी धरला, ओठांतल्या ओठांत प्रार्थना म्हटली, मग डोळे पुसले.

मेस्त्री उठले, पाय कोरडे केले आणि पाणी उपसायच्या मोटरची नळी शोधायला लागले. मळ्यात केळी होत्या, पाणी तिकडे सोडायचं त्यांनी ठरवलं होतं.

"मेस्त्री," तोमासा म्हणाली. तिचे पाय अजून आतच होते.

"काय मावशी?"

"जरा वेळानं सोडा. अजून कोमट आहे."